नाव घेऊन हाक

२०१८ च्या नोव्हेंबरात मध्य प्रदेश विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा इंदूर जिल्ह्यातील एका गावच्या प्राथमिक शाळेत मतदान अधिकारी क्रमांक १ म्हणून माझी ड्यूटी लागली होती. हे काम ज्यांनी केले आहे त्यांना ठाऊक असेल की पहिल्या टेबलावरच्या माणसाला दिवसभर नावे वाचावी लागतात. मतदाराचे ओळखपत्र पाहायचे, यादीतील अनुक्रमांक शोधायचा, नाव मोठ्याने उच्चारायचे, समोर बसलेल्या पक्षांच्या एजंटांनी ते आपापल्या यादीत पडताळले की आपल्या यादीत त्या नावावर रेघ ओढायची, आणि मतदार स्त्री असेल तर आणखी एक खूण करायची, कारण बायकांचे मतदान किती झाले हे वेगळे मोजून वर कळवायचे असते.

दुपारी साडेतीनच्या सुमारास हनुवटीपर्यंत पदर ओढलेली एक म्हातारी आत आली. मी नाव वाचले. ती उभीच राहिली. मी पुन्हा वाचले, जरा मोठ्याने. तिने मागे वळून पाहिले, जणू दुसऱ्या कोणाला तरी बोलावले जात आहे. दाराबाहेर थांबलेल्या तिच्या मुलाने आवाज दिला, "अम्मा, तुमचंच नाव घेताहेत." तेव्हा तिने पदर थोडा वर केला, माझ्याकडे पाहिले आणि सावकाश म्हणाली, "हाँ, मैं ही हूँ." कोणाची तरी सून, कोणाची तरी आई, कोणाची तरी आजी म्हणून हाका ऐकता ऐकता तिला स्वतःचे नाव परके झाले होते. मी रेघ ओढली, खूण केली आणि तिला पुढच्या टेबलाकडे पाठवले. पण त्या क्षणापासून माझे अर्धे मन माझ्या आजीपाशी जाऊन बसले.

आजी मूळची अहमदनगरची. आजोबा मिशनच्या इस्पितळात कंपाउंडर म्हणून इंदूरला आले आणि लग्न होऊन तीही आली. चर्चमध्ये उपासना हिंदीतून होई, घरी संध्याकाळची प्रार्थना मराठीतून. आजीचे मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, खणाच्या तुकड्यात बांधलेले असे आणि ते सोडण्याआधी ती पदराने हात पुसत असे. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला मिळालेले नाव होते मार्था. हिंदू मराठी घरांत लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळांवर अंगठीने नव्या नवरीचे नवे नाव लिहितात आणि माहेरचे नाव त्या तांदळांत विरून जाते. आमच्यात तशी पद्धत नाही. पाळकाने, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूने, पाणी घालून जे नाव दिले ते कबरीपर्यंत आपले, असे आजी आम्हां नातवंडांना सांगायची, आणि त्यात तिला मोठा अभिमान होता.

तरीही १९५१ साली मतदारयादीसाठी माणूस दारात आला तेव्हा हे नाव उपयोगी पडले नाही. आजोबा ओसरीवर बसले होते. त्यांनी स्वतःचे नाव सांगितले, धाकट्या भावाचे सांगितले, आणि आत कोण आहे असे विचारल्यावर म्हणाले, "आमची मंडळी." लिहून घेणाऱ्याने आजोबांच्या नावापुढे 'की पत्नी' जोडले आणि तो पुढच्या घरी गेला. आजी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. आपले नाव सांगायला ती बाहेर आली नाही, आणि हे तिने स्वतःला कधी माफ केले नाही, असे आई सांगते.

त्या यादीत आजी एकटी नव्हती. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी देशभरात सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांची नोंद झाली, त्यांत स्त्रिया ८ कोटींच्या आसपास होत्या. त्यांपैकी सुमारे २८ लाख स्त्रियांची नोंद 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' अशीच झाली होती आणि त्यांच्याकडून स्वतःचे नाव मिळू शकले नाही. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी यादीतून काढून टाकण्याचा निर्णय घेतला. हा प्रकार ज्या राज्यांत सर्वांत जास्त होता त्यांत बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि आमचा मध्य भारत होता. सेन यांच्यावर तेव्हा टीका झाली, पण मला तो निर्णय बरोबर वाटतो. नावाशिवाय मत देऊ दिले असते तर पुढच्या निवडणुकीतही त्या बायका बिननावाच्याच राहिल्या असत्या. आजीला मात्र त्या निर्णयाची किंमत मोजावी लागली. १९५२ मध्ये आजोबा मत देऊन आले, बोटावरची शाई त्यांनी सर्वांना दाखवली, आणि लिहिता-वाचता येणारी, मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली आजी घरी भाकरी थापत होती.

आजोबांच्या तोंडी आलेला तो 'मंडळी' शब्द मला फार दिवस टोचत राहिला. जुन्या मराठीत नवरा बायकोचे नाव घेत नसे. 'आमची मंडळी' किंवा 'आमचं कुटुंब' म्हणून भागवत असे. नाव घेण्याची वेळ आलीच तर ती बाईवर, उखाण्यात, आणि तेही नवऱ्याचे नाव. आमच्या ख्रिस्ती मराठीत मात्र 'मंडळी' म्हणजे चर्च, विश्वास ठेवणाऱ्यांचा समुदाय. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात स्त्रियांनी मंडळ्यांमध्ये गप्प राहावे असे म्हटले आहे. एकाच शब्दात आमची घरातली बाई आणि आमचे चर्च, दोघेही मावतात, आणि दोन्ही ठिकाणी तिने बोलायचे नाही, अशी शिकवण ऐकत आम्ही मोठ्या झालो.

म्हणून मी शास्त्राकडे पुन्हा पुन्हा गेले, आणि जे सापडले ते सरळ नव्हते. बायबलमध्ये बिननावाच्या बायका पुष्कळ आहेत: लोटाची बायको, इफ्ताहाची मुलगी, पेत्राची सासू, विहिरीवरची शोमरोनी स्त्री. पण गणनेच्या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली येतात आणि पाचांचीही नावे दिलेली आहेत: महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बाप मेला, भाऊ नाही, म्हणून जमिनीचा वाटा त्यांच्या हातून जाणार होता. त्या मोशेपुढे, याजकापुढे, सरदारांपुढे आणि सगळ्या लोकांपुढे निवासमंडपाच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि आपला हक्क मागितला. मोशेला उत्तर सुचले नाही, त्याने प्रकरण देवापुढे नेले, आणि देवाने सांगितले की मुलींचे म्हणणे बरोबर आहे. आमच्या चर्चमध्ये या उताऱ्यावर उपदेश झालेला मी कधी ऐकला नाही. पौलाचे ते वचन मात्र प्रत्येक पिढीला पाठ आहे. त्याच पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अखेरीस फीबी नावाच्या सेविकेची शिफारस केली आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात राहते.

आणि येशूच्या पुनरुत्थानाची सकाळ. योहानाच्या शुभवर्तमानात मरीया मग्दालीया रिकाम्या कबरीपाशी रडत उभी आहे. समोर उभा असलेला माणूस तिला माळी वाटतो. तो तिला फक्त नावाने हाक मारतो, आणि त्या हाकेने ती त्याला ओळखते. ज्या समाजात बाईच्या साक्षीला पुरुषाच्या साक्षीइतके वजन नव्हते, तिथे सर्वांत मोठी साक्ष द्यायला एक बाई पाठवली गेली. माझा विश्वास या एका प्रसंगावर उभा आहे, आणि बाईच्या मताचा प्रश्नही मला इथूनच सुरू होतो असे वाटते, कारण साक्ष आणि मत या दोन्ही गोष्टी दुसऱ्या कोणी आपल्या वतीने देऊ शकत नाही.

आजोबा ज्या मिशनमुळे इंदूरला आले ते कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे. १८७७ मध्ये त्याचे काम इथे सुरू झाले. १८८४ साली डॉ. एलिझाबेथ बेटी आणि त्यांच्यामागून दोन वर्षांनी डॉ. मेरियन ऑलिव्हर इंदूरला आल्या. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला नाडी दाखवत नसत, त्या या दोघींपाशी येऊ लागल्या, आणि पुढे बायकांसाठी वेगळे इस्पितळ उभे राहिले. लहानपणी मला या मेमसाहेबा सर्वशक्तिमान वाटत. पुष्कळ पुढे माझ्या ध्यानात आले की परक्या देशात, परक्या भाषेत शस्त्रक्रिया करणाऱ्या या डॉक्टरांना आपल्या देशाच्या संसदेसाठी मत देता येत नव्हते. कॅनडातील बहुसंख्य स्त्रियांना तो हक्क १९१८ मध्ये मिळाला. ज्या चर्चने त्यांना समुद्रापार पाठवले त्या चर्चच्या व्यासपीठावरही त्यांना जागा नव्हती.

या विषयावर बोलताना दोन प्रकारचे लोक मला भेटतात. एक म्हणतात, बाईला स्वातंत्र्य ख्रिस्ती धर्मानेच दिले; दुसरे म्हणतात, धर्म म्हटला की बाईचा घात आलाच. दोघांनीही न्यूझीलंडची हकिकत पाहावी. १८९३ मध्ये स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मतदानाचा हक्क देणारा तो पहिला स्वयंशासित देश ठरला, आणि ती चळवळ चालवली केट शेपर्ड यांनी, ख्रिस्ती स्त्रियांच्या दारूबंदी संघटनेतून. दारूने घरे बुडत होती, बायका अर्ज करत होत्या, आणि अर्जदारांना मत नसल्यामुळे ते अर्ज बाजूला पडत होते. तेव्हा त्यांनी जवळजवळ ३२ हजार सह्या गोळा केल्या, कागद एकाला एक चिकटवून त्यांची प्रचंड गुंडाळी केली आणि ती संसदेच्या सभागृहात जमिनीवर उलगडली गेली. त्या कागदावर ओळीने बायकांची नावे होती. त्याच काळात त्याच बायबलमधून वचने काढून या मागणीला विरोध करणारे धर्मोपदेशकही होते. शास्त्र एकच होते. ते उघडणारे हात वेगळे होते.

आपल्याकडे ही ओढाताण पंडिता रमाबाईंइतकी कोणी भोगली नसेल. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे मुलगी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्राने त्यांना धर्मबुडवी म्हटले, आणि ज्यांच्या आश्रयाला त्या गेल्या होत्या त्या चर्चला त्या हट्टी वाटू लागल्या. चेल्टनमच्या महाविद्यालयात असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी आक्षेप घेतला की अशाने स्वदेशी तिचे नाव खराब होईल. जिने पोरवयात गावोगावी पुरुषांनी भरलेल्या सभांपुढे पुराणे सांगितली, तिला पुरुषांना शिकवू नकोस असे सांगितले जात होते, आणि तेही तिच्याच देशाची रीत पुढे करून! रमाबाईंनी वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेल्या पत्रांत स्पष्ट कळवले की मला स्वतःचा विवेक आहे, बुद्धी आहे, निर्णयशक्ती आहे, आणि ती दुसऱ्याच्या हाती देण्यासाठी मी ख्रिस्ती झालेले नाही. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे का असावीत, संस्कृत का नकोत, हेही त्यांनी विचारले.

पुढे अमेरिकेत फिरून आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी तिथल्या लोकजीवनावर मराठीत पुस्तक लिहिले आणि तिथल्या स्त्रियांच्या संघटना, शिक्षण आणि हक्क यांची माहिती मराठी वाचकांपुढे ठेवली. त्याच वर्षी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. १८९६ च्या दुष्काळात त्या आमच्या बाजूला, मध्य प्रांतात आल्या आणि शेकडो मुलींना केडगावला घेऊन गेल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापले गेले आणि त्याचे खिळे जुळवणाऱ्या बायका होत्या. कोणी दुष्काळातून आलेली, कोणी बालविधवा; जिला घरात कोणी नावाने हाक मारली नव्हती तिच्या बोटांतून मरीयेचे नाव अक्षराअक्षराने जुळत होते. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून कधी हलत नाही. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. त्याआधीच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने स्त्रियांना मताधिकार देण्याचा ठराव केला होता, अर्थात मालमत्तेच्या अटीवर.

मालमत्तेची ही अट पुढे वेगळेच रूप घेऊन आली. १९१७ च्या डिसेंबरात सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ मताधिकार मागण्यासाठी मद्रासला भारतमंत्री माँटेग्यूंना भेटले होते. मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीने ती मागणी मानली नाही आणि १९१९ च्या कायद्याने प्रश्न प्रांतांवर सोपवला. १९३५ च्या कायद्याने मतदार स्त्रियांची संख्या सुमारे ६० लाखांवर गेली, पण त्यांतल्या पुष्कळजणींना मत मिळाले ते नवऱ्याच्या मालमत्तेवर, त्याची बायको म्हणून. राजकुमारी अमृत कौर यांनी १९३३ मध्ये लंडनला जाऊन संसदेच्या संयुक्त समितीपुढे साक्ष दिली होती. प्रौढ मताधिकार हवा, आणि बाईचे मत लग्नावर अवलंबून नसावे, ही त्यांच्या संघटनांची भूमिका होती. अमृत कौर ख्रिस्ती घरात वाढलेल्या. पुढे मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून त्या संविधान सभेत गेल्या. त्रावणकोरच्या ॲनी मॅस्करिन याही ख्रिस्ती स्त्री तिथे होत्या. मे १९४९ मध्ये अल्पसंख्याकांसाठीच्या राखीव जागा सोडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा ख्रिस्ती समाजाचे हरेंद्रकुमार मुखर्जी आघाडीवर होते. आम्हाला वेगळी पेटी नको, सगळ्यांच्या रांगेत उभे राहू द्या, असे म्हणणाऱ्या समाजाची मी लेक आहे, याचे मला समाधान आहे. म्हणूनच त्या समाजाने घरातल्या बाईलाही त्याच रांगेत तिच्या नावाने उभे करायला हवे होते, असे वाटते.

आजी उभी राहिली ती १९५७ मध्ये. मध्य भारत जाऊन मध्य प्रदेश झाला होता, याद्या नव्याने तपासल्या जात होत्या. या वेळी माणूस दारात आला तेव्हा कोणी काही विचारायच्या आत आजी ओसरीवर येऊन म्हणाली, "लिहा, मार्था." आजोबा खुर्चीवरून उठून आत गेले. रागावून नव्हे, त्यांना काय करावे ते कळेना. मतदानाच्या दिवशी ती इस्त्रीचे पांढरे लुगडे नेसून गेली. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. आडोशाआड प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे आणि कोरा कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. हातात कागद आल्यावर आजीने अधिकाऱ्याला विचारले, "सही कुठे करायची?" काही लिहायचे नाही बाई, फक्त टाका, असे उत्तर आले. घरी येऊन तिने तिच्या शास्त्राच्या मागच्या कोऱ्या पानावर, जिथे आमच्या घराण्यातले बाप्तिस्मे आणि मृत्यू नोंदलेले आहेत, तिथे त्या दिवसाची तारीख घातली आणि खाली सही केली. ते पान माझ्याकडे आहे. दौतीच्या शाईचा रंग आता तपकिरी झाला आहे; 'मार्था' मधला 'था' जरा मोठा आला आहे.

मार्था म्हटले की उपदेशक स्वयंपाकघर सांगतात: बहीण मरीया येशूच्या पायाशी बसली आणि मार्था कामात गढली. पण त्यांचा भाऊ लाजर मेल्यावर गावाबाहेर येशूला सामोरी गेलेली मार्थाच होती, आणि तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस, अशी कबुली तिने दिली. येशूचा शिष्य पेत्र याच्या तशाच कबुलीवर मंडळीचा पाया सांगितला जातो. मार्थेच्या कबुलीवर कोणी काही बांधले नाही.

आईच्या काळापर्यंत आमच्या मंडळीच्या कमिटीत बाई नव्हती. बायका मत देत, पण उभे राहायचे पुरुषांनी. आईचे नाव कोणी तरी सुचवले तेव्हा मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले की महिला संघाचे काम उत्तम चालले आहे, त्यात खंड कशाला. आई त्या वर्षी पडली. तीन वर्षांनी निवडून आली आणि अकरा वर्षे तिने दानपेटीचा हिशोब ठेवला. भांडण झाले नाही, कोणी चर्च सोडले नाही. पण त्या पहिल्या रविवारी घरी येताना आई रस्त्यात एक शब्द बोलली नाही, ते मला आठवते. याच इंदूरने १९८९ पासून सलग ८ वेळा एका मराठी बाईला, सुमित्राताई महाजनांना, लोकसभेत पाठवले. शहर इतके पुढे गेले, आणि आमची मंडळी हळूहळू, एकेक खुर्ची सरकवत चालली.

निवडणूक जवळ आली की अजूनही काही घरांत कर्ता पुरुष जेवताना सांगतो की सगळ्यांचे मत एकाच ठिकाणी पडले पाहिजे, आणि काही मंडळ्यांत उपासनेनंतर तेच जरा गोड भाषेत सांगितले जाते. तेव्हा मला डोंगरावरील प्रवचनातली ती आज्ञा आठवते: प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा, दार लाव, आणि गुप्त ठिकाणी असलेल्या पित्याची प्रार्थना कर. मतदान केंद्रातला तो पुठ्ठ्याचा आडोसा पाहिला की मला ती खोली दिसते. तिथे नवरा येत नाही, पाळक येत नाही, मुलगा दाराशी थांबतो.

त्या दिवशी ती म्हातारीही आडोशाआड गेली आणि पुष्कळ वेळ झाला तरी बाहेर येईना. एजंट कुजबुजू लागले, मुलगा दारातून "अम्मा, बटन दबाओ" म्हणू लागला, एकाने तर मदतीला कोणी तरी जावे असेही सुचवले. आमचे पीठासीन अधिकारी खुर्चीतून न उठता म्हणाले, "राहू द्या, त्यांना त्यांचा वेळ घेऊ द्या." बाहेर रांगेत बायकाच बायका होत्या, उन्हे कलली होती. मग यंत्राचा लांब आवाज झाला. ती बाहेर आली, पदर पुन्हा हनुवटीपर्यंत आला होता. मुलाने दारात काही तरी विचारले. ती न थांबता त्याच्या पुढून चालत गेली. मी यादीतले पुढचे नाव वाचले.